तांब्याभर पाणी

प्रिय लेकी,

तुझं पत्र मिळालं. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं मौन शिबिर करून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि ‘मावशी, सगळं हातातून निसटलं’ असं लिहितेस. धम्मगिरीवर पहाटे चारच्या घंटेला उठायचीस, इथे गजर बंद करून कूस बदलतेस. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. सगळ्यांचं तसंच होतं. तिथे जेवण आयतं, फोन पहिल्याच दिवशी जमा, आणि शेजारच्या खोलीतली बाई तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. अशा ठिकाणी मन थोडंफार शांत झालं नाही तरच नवल.

खटकलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य. ‘घरी आता मी शक्यतो बोलतच नाही. आई चिडते, पण तिला हे कळायचं नाही.’

ही चूक मी तुझ्याआधी करून बसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं शिबिर केलं तेव्हा सासूबाई होत्या, गुडघ्यांनी बेजार. मी पहाटे पाचला खोलीचं दार लावून अधिष्ठानाला, म्हणजे न हलता ध्यानाला, बसायचे. तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. एके दिवशी बाहेरून हाक आली, ‘अगं, पाणी दे गं जरा.’ थोड्या वेळाने पुन्हा. मी आपली डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघतेय. मग तांब्या पडल्याचा आवाज झाला. त्या आवाजानेही आपण हललो नाही याचं मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू! सहाला बाहेर आले तर त्या पलंगाच्या कडेला बसून पायानेच पायपुसणं फिरवत फरशी टिपत होत्या. पदर ओला. एवढंच म्हणाल्या, ‘पूजेत असले तरी दारात कुणी आलं की मी उठते बाई.’

पुढे बऱ्याच वर्षांनी विनयपिटकातल्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात एक गोष्ट वाचली आणि तो तांब्या पुन्हा वाजला. कोसल देशात काही भिक्खू पावसाळाभर एका जागी, वर्षावासाला, एकत्र राहिले. तंटेबखेडे नकोत म्हणून त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. भिक्षेहून आधी परतेल त्याने आसनं मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचं. घडा रिकामा दिसला तर भरायचा. एकट्याला पेलवला नाही तर दुसऱ्याला हाताने खुणावायचं, पण तोंड उघडायचं नाही. पावसाळा संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि ‘मोठ्या सुखात राहिलो’ म्हणून सांगू लागले. शाबासकी मिळाली नाही. गुरंढोरं एकत्र राहावीत तसे राहिलात आणि वर सुखात राहिलो म्हणता, असं बुद्धांनी सुनावलं आणि असलं मुकं व्रत घ्यायला बंदी केली. त्याऐवजी पवारणा सुरू केली. वर्षावास संपताना प्रत्येकाने संघापुढे म्हणायचं: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा.

त्या भिक्खूंनी निदान घडे तरी भरले होते. मी तेही केलं नव्हतं.

मग शिबिरात पाळतो त्या आर्य मौनाचं काय, असं तू विचारशील. तेही बुद्धांनीच सांगितलंय: एकत्र जमलात तर धम्मावर बोला, नाहीतर आर्य मौन पाळा. पण आपल्या भाषेत अबोला नावाचीही एक गोष्ट आहे, आणि ती घराघरांत मौनापेक्षा कितीतरी जास्त पाळली जाते. अबोला नेहमी कुणाशी तरी असतो. तुझ्या आईला तो बरोबर कळलाय, मौन कळलं नसेल कदाचित. शिबिरात दहाव्या दिवशी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवून मौन सोडतात ते उगाच नाही. घरी परतायच्या आदली ती रंगीत तालीम असते. तू आणि मी तिला मधली सुट्टी समजलो.

बैठक मोडू नकोस. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, ते योग्यच आहे. पण लोकलच्या धावपळीत ते जमत नसेल तर रोज वीस मिनिटं बस. हे माझं मत, तिथल्या आचार्यांचं नव्हे. त्यांना सांगू नकोस. गाडीत उभ्याउभ्या वरच्या ओठाशी येणारा-जाणारा श्वास बघता येतो, मात्र डोळे उघडे ठेवून आणि पर्स पुढे धरून.

आणि सकाळचं दूध तू तापवत जा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि पातेल्यासमोर उभं राहायचं. आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग मधली साय थरथरते, सुरकुतते, आणि मग एका क्षणात सगळं वर येतं. त्या पाच-सात मिनिटांत मन किती ठिकाणी जाऊन येतं ते मोज. माझं परवा बँकेत जाऊन आलं आणि दूध उतू गेलं. ओटा पुसताना मात्र मन ओट्यावरच होतं. दूध बघताना आईने हाक मारली तर गॅस बारीक करून जायचं.

आईच्या टोमण्यावर उत्तर द्यायच्या आधी एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ दे. तेवढं मौन घरात पुरतं. त्यानंतर बोलायचं मात्र, नुसतं गिळायचं नाही. गिळलेलं साठून राहतं आणि महिन्याभराने भांडी घासताना आदळतं.

या रविवारी, दोघींचा चहा झाल्यावर, आईला विचार: मी इगतपुरीहून आल्यापासून तुला माझं काय काय खटकलं? ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस. वेळ लागेल. मला नंतर फोन कर.

तुझी,
मावशी