पोहता येत नसेल तर मालवणात स्नॉर्केलिंग करावं का? त्यानं पोवळ्यांचं नुकसान होतं का?

तुम्ही बेळगावहून मालवणला निघालाय आणि पोहता येत नाही, म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. पोहता न येताही जमतं की. लाइफ जॅकेट घालतात, गाइड रिंगला धरून फिरवतो, आपण तोंड तेवढं पाण्यात घालायचं. पण नळीतून तोंडानं श्वास घ्यायची सवय नसली की नाकातोंडात पाणी जातं, माणूस घाबरतो आणि पायाला लागेल त्यावर उभा राहतो. उथळ पाण्यात ते पोवळं असू शकतं. दिसायला दगड, पण वरचा पातळ थर जिवंत असतो आणि पाय पडला की तोच सोलून निघतो. मोठी गोल पोवळी वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कुणी मुद्दाम करत नाही.

म्हणून निघण्याआधी बेळगावातच एखाद्या पोहण्याच्या तलावात (स्विमिंग पूलमध्ये) मास्क आणि नळी लावून सराव करा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबा, नाकानं श्वास ओढा. हात सोडूनही चिकटून राहिला तर मापाचा आहे. मिशी असेल तर तिथनं थोडं पाणी शिरतंच, घाबरू नका. सनस्क्रीन पाण्यात उतरून पोवळ्यांना त्रास देऊ शकतं, म्हणून ते फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा टीशर्ट घाला.

होडीवाल्याला दराआधी विचारा, नांगर कुठं टाकता? 'वाळूत' म्हणणाराच ठरवा. मासे जमवायला पाव-बिस्किटं टाकत असतील तर स्पष्ट नको म्हणा. पोवळ्यांवरचं शेवाळ खाणाऱ्या माशांना पावाची सवय कशाला लावायची?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पदमगड त्यातच येतात. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला तुकडाही शोकेससाठी आणू नका.

आपल्याकडचे लोक आंबोली उतरून दुपारी पोचतात, मासे-भात हाणतात आणि तसेच पाण्यात उतरतात. तोवर वारा सुटलेला असतो, पाणी ढवळलेलं, खालचं धड दिसत नाही. रात्री मुक्काम करा, सकाळी लवकर उतरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी चांगलं असतं. पावसाळ्यात सगळं बंदच.