व्होलाटाइल म्हणजे अस्थिर की उडणारं?

प्रश्न असा आहे की बिझनेस चॅनेलवाले दर दोन मिनिटांनी 'व्होलाटिलिटी वाढलीय' म्हणतात, त्याला सरळ अस्थिरता म्हटलं तर काय बिघडलं, आणि मराठीत नेमका शब्द कोणता?

बिघडत काही नाही, पेपरवाले रोज तेच छापतात. पण अस्थिरता म्हटलं की आपल्या डोक्यात पडझड येते. अस्थिर सरकार म्हणजे कधी पडेल सांगता येत नाही असं सरकार. व्होलाटाइलमध्ये पडणं गृहीत नाहीच, दोन्ही बाजूंना जोरात हलणं आहे. जून २०२४ आठवा, लोकसभेचे निकाल. ३ जूनला एक्झिट पोलच्या आनंदात सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर, ४ जूनला निकाल लागायला लागले तसा जवळजवळ ४,४०० अंकांनी खाली, ५ जूनला परत २,३०० वर. आता बेरीज-वजाबाकी करा, आधीच्या शुक्रवारी बाजार जिथे बंद झाला होता त्याच्यापेक्षा चारेकशे अंक वरच निघाला की! म्हणजे जो त्या तीन दिवसांत गावाला गेला होता त्याला काही झालंच नाही असं वाटलं असेल आणि जो स्क्रीनसमोर बसला होता त्याचं बीपी विचारू नका. ही व्होलाटिलिटी. हिला मी 'चढउतार' नाहीतर 'हेलकावे' म्हणेन, 'दोलायमान' पण चालतो पण तो जरा मास्तरी वाटतो.

याची उलट बाजू लोक विसरतात. बाजार रोज थोडा थोडा, एकाच चालीत घसरत राहिला तर तो पडतोय, पैसे जातायत, पण व्होलाटाइल म्हणता येणार नाही. त्यामुळे 'व्होलाटिलिटी कमी झाली' ऐकून खूश व्हायचं कारण नाही. इंडिया विक्स नावाचा आकडा दाखवतात ना, तो निफ्टीच्या (सेन्सेक्ससारखाच दुसरा शेअर निर्देशांक) ऑप्शन्सच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायच्या हक्काच्या करारांच्या, भावावरून काढतात आणि पुढच्या ३० दिवसांत बाजार किती हलेल याचा अंदाज देतो, कुठल्या दिशेला ते सांगत नाही. मार्च २०२० मध्ये, लॉकडाउनच्या वेळी, तो ८० च्या वर गेला होता, एरवी पंधराच्या आसपास असला तरी नॉर्मल समजतात.

आता मूळ शब्दाकडे, कारण खरी मजा तिथे आहे. लॅटिनमध्ये व्होलारे म्हणजे उडणे. इंग्रजीत व्होलाटाइल हा शब्द आला तेव्हा तो चक्क पाखरांसाठी वापरायचे, बाजार वगैरे फार नंतर. फ्रेंचमध्ये तर आजही व्होलातील म्हणजे कोंबडी-बदक! व्हॉलीबॉलमधला व्हॉली पण याच घरातला, बॉल जमिनीला न लागता हवेतच राहतो म्हणून. मग जे पदार्थ पटकन हवेत उडून जातात त्यांना हा शब्द लागला, पेट्रोल, स्पिरिट, अत्तर. आपल्या सायन्सच्या पुस्तकात त्याला बाष्पनशील म्हणतात, मार्कांपुरता ठीक आहे.

पण घरात कोण बाष्पनशील म्हणतं? आपण म्हणतो कापूर उडाला. आमची आजी कापराच्या डबीत चार मिरे टाकून ठेवायची, का तर कापूर उडू नये. बाटलीचं बूच सैल राहिलं की अत्तर उडतं, उन्हात वाळत घातलं की साडीचा रंग उडतो. म्हणजे लॅटिनवाल्यांना जे सुचलं तेच आपल्याला स्वतंत्रपणे सुचलेलं आहे, फक्त आपण त्याचं विशेषण न बनवता क्रियापदच ठेवलं. आणि हे जुनं झालेलं नाही हं! कॉम्प्युटरच्या रॅमला व्होलाटाइल मेमरी म्हणतात, लाइट गेली की त्यातलं सगळं जातं. आपण त्यावर काय म्हणतो? 'अरे सेव्ह केलं नव्हतं, सगळं उडालं!'

माणसाबद्दल वापरताना मात्र उडणं चालत नाही, 'उडाणटप्पू' म्हटलं तर भलताच अर्थ होईल. व्होलाटाइल स्वभाव म्हणजे क्षणात रुष्ट क्षणात तुष्ट, भडक माथ्याचा, लहरी, यातलं प्रसंग बघून घ्या. आणि बातमीत 'व्होलाटाइल सिच्युएशन' आलं तर तिथे अस्थिर अजिबात नको, तिथे 'स्फोटक परिस्थिती'. दंगल अजून झालेली नाही पण एक दगड पडायचा अवकाश, असा तो अर्थ आहे, अस्थिर लिहिलं की त्यातली आगच जाते.