गर्भजलावरून बाळाच्या फुप्फुसांची पक्वता तपासावी का?

गुहागरहून आपण विचारले आहे की, वहिनींना बत्तिसावा आठवडा चालू असून लवकर कळा येण्याची भीती असताना ही तपासणी करून घ्यावी का. आज ती सहसा केली जात नाही. पूर्वी पोटातून सुईने काढलेल्या गर्भजलात लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या स्निग्ध पदार्थांचे गुणोत्तर मोजत आणि ते 2 किंवा अधिक आले, तर फुप्फुसे पक्व समजत. त्याहून साधी फेसचाचणीही होती. नळीत गर्भजल व अल्कोहोल घेऊन ते 15 सेकंद जोराने हलवत, आणि 15 मिनिटांनंतरही काठाशी बुडबुड्यांचे कडे टिकले, तर श्वास सोडल्यावर वायुकोश मिटू न देणारे सरफॅक्टंट पुरेसे आहे असे मानत; इतक्या साध्या साधनांत एवढे कळावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. मात्र अहवाल चांगला आला तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे इतर धोके टळत नाहीत. म्हणून 34 आठवड्यांपूर्वी प्रसूतीची शक्यता दिसताच डॉक्टर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत यासाठी आईला डेक्सामेथासोन या औषधाची 6 मिलिग्रॅमची एकूण 4 इंजेक्शने, दर 12 तासांनी एक याप्रमाणे, देतात. कळा सुरू झाल्यावर खाडी आणि घाट ओलांडण्यात वेळ जातो, तेव्हा पहिल्या इंजेक्शनाबद्दल जवळच्या रुग्णालयात आजच विचारावे आणि नवजात अतिदक्षता कक्ष कोठे आहे, तेही आधीच ठरवून ठेवावे.