सव्विसाव्या लेव्हलवरची रानडुकरं

प्रिय मुली,

तुझ्या ऑनलाइन गेमचं बिल्ड (चाचणीसाठीची आवृत्ती) चार रात्री खेळले. ३१व्या लेव्हलपर्यंत पोचले आणि थांबले. कुठे कंटाळा आला ते नेमकं सांगते. "मधे जरा रेंगाळतंय" एवढं लिहून सोडून दिलं, तर तुझ्या मेहनतीवर अन्याय होईल.

पहिल्या दहा लेव्हल तू जीव ओतून केल्या आहेस. घाटावरचा तो म्हातारा नावाडी मला चौथ्या लेव्हलला नदीपार नेताना म्हणतो, "माझा धाकटा पलीकडच्या रानात गेलाय, दिसला तर सांगा." होडीतून उतरल्यावर मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, हा धागा पुढे येणार. मग ढालीचा धक्का शिकले, पहिली गुहा एकटीने पार केली, छान चाललं होतं. आणि २२वी लेव्हल आली. बारा रानडुकरं मारून या. २४ला अठरा. २६ला चोवीस. डुकराचा रंग तेवढा लालसर झाला आणि डोक्यावरचा आकडा वाढला. मी मात्र तीच तीन बटणं दाबत होते: धक्का, वार, वार. पाच लेव्हलमध्ये चौथं बटण आलं नाही. नावाड्याचा धाकटाही कुठे भेटला नाही.

तुझ्या शीटमध्ये तू लिहिलंयस की टेस्टर बरोबर इथेच गळतात, म्हणून २० ते ४०चा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) दुप्पट करायचा, म्हणजे लोक लवकर एंडगेमला, शेवटच्या लेव्हलवरच्या खेळाला, पोचतील. ते करू नकोस. तेवढं सांगायलाच लिहायला बसले आहे.

आपल्या कामात एक समजूत फार मुरलेली आहे: खरा गेम शेवटच्या लेव्हलला सुरू होतो आणि आधीचं सगळं म्हणजे तिथपर्यंतचं बसभाडं. एकदा असं मानलं की माणूस भाडं कमी करायच्याच मागे लागतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ साली आला तेव्हा शेवटची लेव्हल ६० होती. दर एक्सपान्शनला, म्हणजे गेमच्या मोठ्या नव्या भागाला, वर मजले चढत गेले आणि आकडा १२०वर पोचला. खालच्या मजल्यांवर मात्र फारसं काही उरलं नव्हतं. मधल्या काही वर्षांत तर नवी टॅलेंट (पात्राची खास क्षमता) निवडायला साधारण पंधरा-पंधरा लेव्हल थांबावं लागायचं. सोनेरी झोत यायचा, आकडा वाढायचा, आणि तू कालचीच राहायचीस. शेवटी २०२०मध्ये १२०च्या सरळ ५० केल्या. त्याच्या वर्षभर आधी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, त्याच कंपनीने जुना, संथ, ६० लेव्हलचा गेम क्लासिक म्हणून पुन्हा उघडला होता. पहिल्याच रात्री सर्व्हरबाहेर रांगा लागल्या. लांब रस्ता लोकांना नको होता, असं मला तेव्हापासून कुणी पटवू शकलेलं नाही.

त्या जुन्या गेममधला वेस्टफॉल नावाचा भाग तू एकदा वही घेऊन खेळ. १०व्या लेव्हलच्या आसपास तिथे पोचतेस. पिवळी पडलेली शेतं, ओस घरं, मालक नसताना शेतात फिरत राहिलेली कापणीची यंत्रं. वेशीवरच एक शेतकरी जोडपं भेटतं, गाडीचं सामान बांधून गाव सोडायच्या तयारीत. बाई म्हणते, घोडीला थोडे ओट आणून द्या. म्हातारा म्हणतो, माझं घड्याळ घरातल्या कपाटात राहिलंय. पहिलं काम एवढंच: मूठमूठ ओट आणि एक घड्याळ. पण ते आणायला त्यांच्याच शेतात शिरलीस की तोंडावर लाल फडकं बांधलेले दरोडेखोर दिसतात, आणि हे जोडपं घर का सोडतंय ते कुणी न सांगता कळतं. मग टेकडीवरच्या चौकीतला माणूस त्या टोळीचा माग काढायला लावतो. कधी टोळीच्या निरोप्याला गाठायचं, कधी फितूर झालेल्याला सांभाळत न्यायचं, आणि त्याच्या मागोमाग मूनब्रूक गावातल्या लपलेल्या वाटेपर्यंत जायचं. तिथून पुढे एकटीने निभत नाही, पाच जणांची पार्टी लागते. खाण, खाणीत भट्टी, भट्टीपुढे मोठा दरवाजा, तो तोफेने उडवायचा. आणि पलीकडे, डोंगराच्या पोटात, पाण्यावर उभं असलेलं अख्खं गलबत.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमचा टँक (पुढे राहून मार झेलणारा खेळाडू) चालता चालता थांबला आणि चॅटमध्ये कुणी काहीच टाइप केलं नाही. पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) अडीचशे मिलिसेकंदांच्या वर, सर्व्हर परदेशात, रात्रीचे दोन वाजलेले, आणि हातावर शहारा आला होता. तेव्हा माझी लेव्हल होती अठरा. साठातली अठरा!

गलबतावरचा म्होरक्या मेला की त्याच्याकडे एक न पाठवलेलं पत्र सापडतं. त्या पत्राचा माग काढत गेलीस की कळतं, हे दरोडेखोर मुळात गवंडी होते. राजधानी त्यांनी बांधली आणि सरदारांनी मजुरी बुडवली. म्हणजे ज्यांना तू आठवडाभर मारत होतीस त्यांचीही बाजू होती. ओटपासून गलबतापर्यंत सगळं दहा-बारा लेव्हलमध्ये घडतं आणि तिथेच पुरं होतं. शेवटच्या लेव्हलशी त्याचा काही संबंध नाही. मधल्या लेव्हलला स्वतःचं पोट असावं लागतं, ते हे असं.

आता बटणांबद्दल. दर तीन-चार लेव्हलना खेळाडूला काहीतरी *नवं करता* आलं पाहिजे. वार पाच टक्क्यांनी जड झाला, हे त्याच्या हाताला कळत नाही. ढालीच्या धक्क्याने डुकराला दुसऱ्या डुकरावर ढकलता आलं, तर लगेच कळतं. २३व्या लेव्हलला एवढं दे आणि मग तीच चोवीस डुकरं माझ्यापुढे आण, मी हसत मारीन. वॉरक्राफ्टमध्ये पहिला घोडा ४०व्या लेव्हलला मिळायचा, तोवर सगळं जग पायी. घोडा आणि त्याचं शिक्षण मिळून शंभर सोन्याची नाणी, तेव्हाच्या मानाने डोंगराएवढी. शेजारून कुणी टापा वाजवत गेलं की पोटात कालवायचं, आणि म्हणूनच पस्तिसाव्या लेव्हलला माणूस गेम सोडत नव्हता. पुढे तो घोडा ३०ला, नंतर २०ला मिळायला लागला. माझ्या मते त्यात मधल्या लेव्हलचं एकुलतं एक मोठं स्वप्न गेलं. तुझ्या जगात होडी आहे. स्वतःची होडी ३०ला मिळाली तर?

बटणांपेक्षाही मला जास्त टोचलं ते दुसरंच. चार रात्रींत २० ते ३१च्या पट्ट्यात मला एकही माणूस दिसला नाही. टेस्ट सर्व्हरवर तू हे सहज घेशील, पण खऱ्या सर्व्हरवर तीन महिन्यांनी हेच होतं. पहिली लाट वर निघून जाते आणि मागून येणाऱ्याला रिकामं रान मिळतं. मधल्या लेव्हलचा खेळाडू कंटाळण्याआधी एकटा पडतो, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. त्यावरचा उपाय म्हणजे वरच्यांना खाली आणणं.

यात मला सगळ्यात आवडलेलं काम फायनल फँटसी फोर्टीनचं. तिथे वरचा खेळाडू रोज एकदा लेव्हलिंग रूलेटमध्ये नाव घालतो. गेम त्याला कुठल्याही खालच्या डन्जनमध्ये (पार्टीने मिळून पार करायच्या मोहिमेत) टाकतो, त्याची लेव्हल त्या डन्जनएवढी उतरवतो, आणि बदल्यात भरपूर एक्सपी देतो. पार्टीत कुणी ते डन्जन पहिल्यांदा करत असेल तर बाकीच्यांना वेगळा बोनस. नवखा म्हणजे लोढणं, हा भाव तिथे राहत नाही. नवखा आला की बाकीचे खूश होतात. एक अडचण आहे, ती आधीच लक्षात घे: लेव्हल उतरली की वरची बटणंही जातात. म्हणजे खालच्या लेव्हलची तीन बटणं जुन्यालाही पुन्हा पुन्हा दाबावी लागतात. ती रटाळ असतील, तर तोही येईनासा होईल.

उलट दिशाही आहे. २००४चाच सिटी ऑफ हीरोज घे. त्यात नवखा एखाद्या वरच्या मित्राचा साथीदार बनला की त्याच्यापेक्षा एकच लेव्हल खाली राहून लढायचा. दोन मित्रांतली लेव्हलची भिंत पहिल्या दिवसापासून पाडलेली. तो गेम २०१२मध्ये बंद झाला, पण साथीदाराची ही कल्पना मी अजून वापरते.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती तुझ्या हातून होऊ नये. मागे एका ठिकाणी आम्ही हेच केलं होतं, मधल्या लेव्हलचा एक्सपी दुप्पट. शीटवर सही माझी होती. लोक निम्म्या वेळात वर पोचले. त्यात पार्टीत कधीच न खेळलेले हीलर (साथीदारांच्या जखमा भरणारे) होते, शत्रूला स्वतःकडे ओढायचं कसं हे न शिकलेले टँक होते. पहिल्याच रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेत, त्यांना शिव्या पडल्या आणि ते निघून गेले. गळती थांबली नाही, फक्त तिची जागा पंचविसाव्या लेव्हलवरून शेवटच्या लेव्हलवर गेली. त्यातल्या एका मुलीने जाताना लिहिलं होतं, "मला कुणी शिकवलंच नाही." ते वाक्य मी विसरलेले नाही. तिला शिकवणं हे मधल्या लेव्हलचं काम होतं, आणि ते आम्हीच काढून घेतलं होतं.

"मग सगळं जगच खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वर-खाली करू या का?" असं तू विचारशीलच. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१६मध्ये तसं केलं, आणि मित्रांना कुठेही एकत्र हिंडता यायला लागलं हा फायदा खराच. पण हॉगरची गोष्ट आठव. वॉरक्राफ्टच्या पहिल्याच जंगलातला तो ११व्या लेव्हलचा एलिट (साध्यापेक्षा बळकट शत्रू) आठव्या-नवव्या लेव्हलच्या किती जणांना लोळवायचा! मग तेच लोक विसाव्या लेव्हलला मुद्दाम वाट वाकडी करून त्याला गाठायचे आणि दोन फटक्यांत आडवा करायचे. मी मोठी झाले, हे कळायला कुणालातरी जागेवरच राहावं लागतं. गिल्ड वॉर्स टूचा मधला मार्ग मला पटतो: जुन्या भागात तुझी लेव्हल उतरते, पण चांगल्या गिअरचा (शस्त्रं-चिलखताचा) थोडा वरचष्मा राहतो.

आकड्यांची भीती बाळगू नकोस. रूनस्केपमध्ये कौशल्याची ९९वी लेव्हल १,३०,३४,४३१ एक्सपीला मिळते आणि ९२वी ६५,१७,२५३ला. म्हणजे ९२ म्हणजे अर्धी वाट. तरी लोक चालतात, कारण एका कौशल्यात वर असलेला माणूस दुसऱ्यात अजून नवशिका असतो, आणि खालच्या लेव्हलची लाकडं, मासे, खनिज वरच्यांना विकत घ्यावंच लागतं. तुझ्या डुकरांचं कातडं सध्या दुकानदार दोन पैशांना घेतो. वरच्या लेव्हलच्या चिलखताला ते लागू दे, मग बघ २६व्या लेव्हलच्या रानात कोण कोण येतं.

आता पुढचे दोन आठवडे नवा मॅप काढू नकोस. २० ते ४० एवढंच घे. 'इतकी डुकरं मारून या' छापाच्या क्वेस्टपैकी (कामांपैकी) निम्म्या काढून टाक, जाऊ दे, दुःख करू नकोस. नवं बटण २३, २७ आणि ३३ला ठेव. एक डन्जन २८च्या आसपास, तीन जणांचं, पाच नकोत, कारण सुरुवातीला तुला पाच माणसं मिळणार नाहीत. आणि त्या डन्जनच्या तळाशी नावाड्याचा धाकटा असू दे. तो तिथे का गेला ते तू ठरव, पण डुकरं लाल का होतायत त्याच्याशी त्याचा काही संबंध असेल, तर मला फार आवडेल.

माझं पात्र घाटावर, होडीच्या शेजारी लॉग आउट करून ठेवलंय. नवं बिल्ड आलं की कळव, तिथूनच पुढे खेळेन.

तुझी
ताई