वाचकांचे प्रश्न: नॉर्वेतली हद्दवाढ

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या कट्ट्यावर हद्दवाढीवरनं भांडण लागलेलं, तेव्हा एकजण म्हटला नॉर्वेत एका बाईनं पंतप्रधान झाल्यावर सगळ्या देशाचीच हद्दवाढ केली, आणि ती पहिल्यांदा नगरसेविकाच होती. पोलिसांनी तिला दंडपण केला म्हणे. खरं काय? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर: दादा, थाप नाही, फक्त थोडं तिखटमीठ लागलंय. त्या एर्ना सोलबर्ग, बर्गन शहराच्या. 1979 ला, अठराव्या वर्षीच तिथल्या नगर परिषदेत राखीव सदस्य झाल्या, म्हणजे मूळ सदस्य आला नाही की त्याच्या जागी बसायचं (ही सोय आपल्याकडं असती तर सभा कोरमअभावी तहकूब तरी झाल्या नसत्या). 1989 ला खासदार, 2001 ते 2005 स्थानिक स्वराज्य खात्याच्या मंत्री, 2013 ते 2021 पंतप्रधान.

आता हद्दवाढ. नगरपालिका 428 होत्या, त्या जोडून जोडून 1 जानेवारी 2020 ला 356 केल्या. आधी सरकारनं सांगितलं, आपणहून एकत्र या, पैसे देतो, आणि ज्या जोडल्या गेल्या त्यातल्या बहुतेक आपणहून आल्यापण, ज्या आल्या नाहीत त्यातल्या काहींना 2017 ला संसदेनं जबरदस्तीनं जोडलं. जिल्ह्यांचंही तसंच. उत्तर टोकाच्या फिनमार्क जिल्ह्यात 2018 ला लोकांचं मतदान घेतलं तर 87 टक्के नको म्हणाले, तरी शेजारच्या ट्रॉम्स जिल्ह्याला जोडलंच. मग 2021 ला सोलबर्गबाईंची सत्ता गेली, नव्या सरकारनं वेगळं व्हायची मुभा दिली आणि 2024 च्या 1 जानेवारीला दोघं परत वेगळे. हाराम नावाची पालिकापण त्याच दिवशी ओलेसुंड नगरपालिकेतनं बाहेर पडली.

आपल्या कोल्हापुरात 1972 ला महापालिका झाली तरी हद्द हाय तिथंच. शहराला लागून असलेल्या उचगाव-पाचगावकरांना भीती घरफाळ्याची (घरपट्टीची), आणि ती काय उगाच नाही, आधी पाणी आणि रस्ते दाखवा मग बोला असं कुणीही म्हणणारच. नॉर्वेत निदान पैसे आधी पुढं केले, मला तेवढंच पटलं.

दंड झाला, खरंय. सोलबर्गबाईंच्या साठाव्या वाढदिवसाला घरची 13 माणसं हॉटेलात जेवायला जमली, कोरोनाचा नियम 10 चा. एप्रिल 2021 ला पोलिसांनी 20,000 क्रोनर (तिथलं चलन) दंड लावला, नियम लोकांना सांगणाऱ्या तुम्हीच म्हणून, आणि बाईंनी तो भरला. हॉटेलवाल्याला मात्र काही झालं नाही.