शिवसागराच्या काठचा वसंत आणि मामांच्या खुंट्या

आपला प्रश्न असा आहे की, तलावाच्या काठी तंबूंची सोय चालवणाऱ्या कुटुंबाचा वसंत ऋतू प्रत्यक्षात कसा जातो आणि अशा ठिकाणी आल्यावर माणसाला तंत्रज्ञानापासून खरोखर दूर होता येते का. जावळी तालुक्यात बामणोलीच्या अंगाला, साताऱ्याहून कासमार्गे सुमारे 35 किलोमीटरवर, शिवसागर जलाशयाच्या काठी आमचे नऊ तंबू आणि दोन पक्क्या खोल्या आहेत. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघे आणि तीन मुले, एवढीच माणसे हा व्याप सांभाळतात. हिशेबाची वही आणि फोन माझ्याकडे असतो, त्यामुळे उत्तर देण्याचे कामही माझ्याकडेच आले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. आपण ज्याला तलाव म्हणता, तो कोणी निसर्गाने खोदून ठेवलेला नाही. 1960 च्या दशकात पूर्ण झालेल्या कोयना धरणाच्या भिंतीमागे अडलेले हे पाणी आहे. धरण पूर्ण भरले की त्यात 105.25 टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट, पाणी मावते. तापोळ्याजवळ सोळशी आणि कांदाटी कोयनेला मिळतात, तिथपर्यंत त्याचा फुगवटा पसरलेला असतो. नवजाकडच्या बोगद्यांतून हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या बाजूला त्यावर वीज तयार होते आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. चारही टप्पे आणि पायथ्याचे वीजगृह धरून या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट आहे. पाण्यावरची जनित्रे काही मिनिटांत चालू करता येतात, कोळशाच्या संचांना तेवढे चपळ होता येत नाही. म्हणून संध्याकाळी शहरांत दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात, तेव्हा कोयनेची आठवण होते. मुंबईहून आलेले पाहुणे सूर्यास्ताच्या वेळी आमच्या काठावर चहाचा कप घेऊन बसतात आणि यंत्रांच्या जगातून सुटल्याचे समाधान व्यक्त करतात, त्याच घटकेला त्यांच्या समोरचे पाणी डोंगराच्या पोटातून त्यांच्याच शहराच्या विजेसाठी निघालेले असते. मी हे त्यांना सांगत नाही. सुटीवर आलेल्या माणसाला कशाला सांगावे?

आमचा वसंत या यंत्राच्या तालावर चालतो. इतरत्र वसंत म्हणजे मोहोर आणि पालवी. आमच्याकडे तो आधी चालण्याच्या अंतरात येतो. दिवाळीच्या सुमारास तंबूंच्या ओळीपासून पाणी वीसेक पावलांवर असते. शिमग्यापर्यंत ते शंभरावर जाते आणि चैत्र संपता संपता मोजायचा कंटाळा येतो. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे आणि तो हिशेब 1 जूनपासून 31 मेपर्यंतच्या वर्षाचा असतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडी कोठाराचा तळ दिसू लागणे हे ठरलेलेच आहे.

माझे सासरे, मामा, पाण्याची ही माघार खुंट्यांनी मोजतात. बाभळीच्या वीतभर लांबीच्या, एका टोकाला तासलेल्या खुंट्यांचा एक जुडगा त्यांच्या खोलीच्या दाराशी टांगलेला असतो. दिवेलागणीला ते काठावर जातात, पाण्याची कड जिथे चिखलाला टेकलेली असते तिथे दगडाने एक खुंटी ठोकतात आणि तिच्या डोक्याला चुन्याचे बोट लावतात. सकाळी पाणी खुंटीपासून किती मागे गेले हे ते पायाच्या पंज्याने मोजतात आणि परत येताना मोठ्याने आकडा सांगतात, म्हणजे दीर बोटीचा दोर त्या मानाने सोडू शकतात. धरणाचा रोजचा साठा आता फोनवरही कळतो. सुरुवातीला मी उत्साहाने तो आकडा मामांना वाचून दाखवत असे. एकदा त्यांनी शांतपणे विचारले, "त्यात आपली बोट कुठं उभी हाय ते लिवलंय का?" तेव्हापासून फोनवरचा आकडा मी फक्त हिशेबाच्या वहीत लिहिते.

त्या खुंट्यांची किंमत आम्हाला एका फाल्गुनात कळली. वासोटा किल्ल्यावर जाणारा पुण्याचा बारा जणांचा गट मुक्कामी होता. वासोटा अभयारण्याच्या हद्दीत असल्याने वन विभागाची परवानगी काढून सकाळी लवकर लाँचने निघावे लागते आणि दिवस मावळायच्या आत परतावे लागते. उशीर झाला की सगळा बेत फिसकटतो. मामा लग्नासाठी परगावी होते, त्या रात्री खुंटी कोणी ठोकली नाही आणि लाँच आखूड दोरावर काठाला चिकटवून बांधली गेली. पहाटे पाहिले तर ती एका कुशीवर चिखलात बसलेली. पाणी दोन-तीन पावलेच सरले होते, पण लाँचचा तळ रुतायला तेवढे पुरते. वाडीतून माणसे गोळा केली, तळाखाली ओंडके सरकवले आणि लाँच पाण्यावर यायला साडेनऊ वाजले. त्या गटाला वासोटा दुरूनच पाहावा लागला आणि निम्मे पैसे आम्ही परत केले. वहीत तो आकडा लाल शाईने आहे.

पाणी मागे गेले की खाली काय उघडे पडते, हा भाग पाहुण्यांना फारसा ठाऊक नसतो. आधी नुसता तांबूस चिखल दिसतो, मग त्याला भेगा पडतात आणि मग हळूहळू जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात: बांधांच्या दगडी रेघा, एका विहिरीचा कठडा, देवळाचे जोते. धरण झाले तेव्हा या खोऱ्यातील गावे उठली. कित्येक कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या, तर काही जण डोंगराच्या बाजूने वर सरकून इथेच राहिले. आम्ही सरकलेल्यांपैकी. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, त्यांच्या सासूने दाखवलेला उंबऱ्याचा दगड दरवर्षी चैत्रात आठ-दहा दिवस दिसतो. त्या तिथे हळद-कुंकू वाहतात आणि कोणाशी न बोलता परत येतात. ओल टिकून असलेल्या गाळावर जवळपासचे काही शेतकरी गाळपेर करतात, त्यामुळे एका बाजूला भेगाळलेला चिखल आणि दुसऱ्या बाजूला हिरवे पट्टे, असे विचित्र दृश्य पाहायला मिळते.

मार्च आणि एप्रिल हे महिने या जलाशयाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहेत. 13 मार्च 1999 आणि 25 एप्रिल 2012 या दोन दिवशी पाण्याखालचा शेवटचा खडक स्फोटाने उडवून बोगद्याची तोंडे जलाशयात उघडण्यात आली. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. पूर्वी बोगद्याच्या तोंडाखाली राहून जाणारे पाणीही त्यानंतर वापरता येऊ लागले. अभियांत्रिकीचे ते मोठे काम होते यात शंका नाही. पाणी जितके खालून घेता येईल, तितका आमचा काठ अधिक उघडा पडतो, एवढेच मी तंबूच्या दारातून सांगू शकते.

आता माझ्या माहेरचे सांगते, म्हणजे ही कुरकूर एकतर्फी वाटणार नाही. माझे माहेर सांगली जिल्ह्यात, तासगावकडे, द्राक्षाच्या पट्ट्यात आहे. पश्चिमेला जाणाऱ्या पाण्याखेरीज काही पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून कोयना नदीत सोडले जाते. ते कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे टेंभूसारख्या योजनांच्या पंपांनी उचलले जाऊन दुष्काळी भागात पोहोचते. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी होते. त्या वेळी फुटणाऱ्या काडीवर पुढच्या वर्षीचे घड ठरतात आणि नेमके तेव्हाच रानात पाणी नसते. माझ्या धाकट्या भावाचा फोन आला की तो आधी कुशल विचारत नाही. "ताई, आवर्तन सुटलं, पाणी आलं," हे त्याचे पहिले वाक्य असते. मी त्या वेळी काठावर उभी असते आणि मामांची नवी खुंटी कालच्यापेक्षा चार पंजे खाली गेलेली असते. मला त्यावर आनंद मानावा की दुःख, हे लग्नाला सोळा वर्षे होऊनही ठरवता आलेले नाही.

बाकी वसंत आपल्याला अपेक्षित आहे तसाच असतो. काटेसावर आणि पांगारा आधी पेटतात, मग पळस. कुसुंबाची पालवी इतकी लाल असते की पाहुणे तिला फुले समजतात. अंजनीला निळा-जांभळा बहर येतो. दुपारभर तांबटाचे टुक-टुक चालू असते. जेवणात नाचणीची भाकरी, कोवळ्या फणसाची भाजी, कैरीचे पन्हे आणि मासे मिळाले तर मासे. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागतात आणि मुंबईत माथाडी कामाला असलेले आमचे लोक घरोघर परततात. त्या आठवड्यात आम्ही बाहेरचे पाहुणे घेत नाही, कारण तंबूही नातेवाइकांना पुरत नाहीत.

राहिला फोन. आमच्या आवारात रेंज फक्त एका खडकावर मिळते आणि मुलांनी त्याला रेंजचा दगड असे नाव दिले आहे. डिजिटल डिटॉक्सची जागा आहे का, असे विचारून आरक्षण करणारे पाहुणे पहिल्याच संध्याकाळी त्या दगडावर हात उंचावून उभे असलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण आरक्षणाचे निरोप पाहण्यासाठी दिवसातून चार वेळा मीही तिथेच चढते. पैशाचे व्यवहारही तिथेच होतात. रेंज गेली तर वहीत नाव लिहून घेते, आणि आजवर एकच रक्कम बुडाली आहे. दिवे सौर पाट्यांवर चालतात आणि ते मुद्दाम मंद ठेवलेले आहेत, कारण प्रखर दिवा लावला की ताटात किडे पडतात.

वळवाच्या बाबतीत मात्र मी फोनच्या बाजूने आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारनंतर ढग चढतात आणि तासाभरात वादळ होते. आत्या वाऱ्याचा वास घेऊन पाऊस ओळखतात, पण त्यांचा अंदाज जेमतेम पंधरा मिनिटे आधी येतो. विजांचा इशारा फोनवर पुष्कळ आधी मिळतो आणि तेवढ्यात लाँच परत बोलावून तंबूंच्या दोऱ्या आवळता येतात. भूकंपाच्या लहान धक्क्यांच्या बाबतीत उलट आहे. 11 डिसेंबर 1967 च्या मोठ्या भूकंपापासून हे खोरे अधूनमधून हादरतच असते. मांडणीवरची भांडी आधी वाजतात आणि रिश्टरचा आकडा फोनवर नंतर येतो.

आपल्याला यायचे असेल तर गुढीपाडव्यानंतरचे दोन आठवडे निवडा, मात्र वाडीची यात्रा कधी आहे ते आधी विचारून घ्या. बोटीपर्यंत बरेच उतरावे लागते आणि कडेच्या चिखलात सपाता अडकून राहतात, तेव्हा पट्ट्याची चप्पल आणा. घरच्यांना सांगून ठेवा की फोन संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान लागेल, कारण मामा खुंटी ठोकायला गेले की रेंजचा दगड रिकामा असतो. काठावर चुन्याचा ठिपका असलेली खुंटी दिसली तर ती उपटू नका. मागच्या वर्षी एका मुलाने सात खुंट्या गोळा करून त्यांचा किल्ला केला होता आणि दिरांना रात्रभर लाँचमध्ये झोपावे लागले होते.