आई गेली तरी रडू आले नाही, म्हणजे मी निष्ठुर का?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा त्यांची आई जाऊन काही महिने झाले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). रुग्णालयाचे बिल, दहावे-तेरावे, बँकेतील वारसनोंद, सारे त्यांनी एकहाती निभावले. बहीण मात्र चारचौघांत म्हणाली, ‘दादाच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आले नाही.’ हल्ली नळ वाहता राहिला एवढ्यावरूनही ते मुलावर खेकसत.

त्यांना संस्कृत नाटकांची आवड होती, म्हणून मी तिकडेच वळले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात 8 सात्त्विक भाव, म्हणजे मनातील भावनेच्या शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत. त्यांत अश्रू आहेत, तसाच स्तंभ, म्हणजे शरीर ताठरून निश्चल होणे, हाही आहे. नातेवाईक मात्र आठांपैकी एकच पुरावा ग्राह्य धरतात!

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील राम सीतात्यागानंतर बारा वर्षे राज्य चालवत राहतो, आणि त्याच्या दुःखाला तिसऱ्या अंकात पुटपाकाची उपमा दिली आहे: तोंड बंद केलेल्या पात्रात औषध आतल्या आत शिजावे तसे. हाच राम पंचवटीत, सीतेच्या सहवासातील ओळखीच्या जागा दिसताच मूर्च्छित होतो, सीतेची सखी असलेल्या वनदेवता वासंतीसमोर विलाप करतो. आणि नाटकात पात्र म्हणून येणारी तमसा नदी त्याला दुबळा न म्हणता, तुडुंब भरलेल्या तळ्याला वाट काढून देणे हाच उपाय, असे सांगते.

‘तुमची पंचवटी कुठे आहे?’ असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी मोबाइल पुढे केला. रात्री साडेआठचा ‘आई, इन्सुलिन’ हा गजर अजून रोज वाजत होता. तो बंद करून ते बातम्या लावत. आईच्या खोलीला कुलूप होते.

गजर काढून टाका, असे मी सुचवले नाही. बहिणीला बोलवा, खोली दोघांनी मिळून आवरा, आवरताना आईविषयी बोला आणि रडू येते की नाही याची तपासणी करत बसू नका, एवढेच सांगितले. झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच हरपली असती, तर त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तशी लक्षणे नव्हती.

कपाटातल्या लुगड्यांवरून भावंडांचे आधी कडाक्याचे भांडण झाले. पुढच्या भेटीला बहीणही आली, तेव्हा तिची खरी तक्रार कळली: दादाने सगळे एकट्याने केले, तिला आईच्या उशाशी बसूच दिले नाही. आता आम्ही तिघे त्यावरच बोलत आहोत.